वसतिगृहातील ताट आणि उच्च शिक्षणाचा प्रश्न

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



लहान निवासी महाविद्यालयातील विद्यार्थिजीवन हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार, बेरोजगारी असे प्रश्न समोर उभे असताना कार्यकर्त्यांनी वसतिगृहातल्या खाटा आणि ताटे का मोजत बसावे, अशी शंका काहींनी घेतल्याचे माझ्या कानावर आले. शंका रास्त आहे. तिचे उत्तर म्हणून प्रथम एक घडते आहे ती गोष्ट सांगतो. माझ्या परिचयाच्या एका तालुक्याच्या गावी एक लहान महाविद्यालय आहे. त्याच्या वसतिगृहात सव्वाशेच्या आसपास मुले-मुली राहतात. गेली कित्येक वर्षे तेथे महाविद्यालयाची स्वतःची खानावळ चालू आहे. आता व्यवस्थापनापुढे असा ठराव आला आहे की, विद्यार्थ्यांना शासनाकडून भोजनाची रक्कम परस्पर बँकेत मिळू लागली असल्याने खानावळ बंद करावी आणि मोकळ्या होणाऱ्या इमारतीत एखादा विनाअनुदानित अभ्यासक्रम सुरू करावा. ठरावाच्या समर्थनार्थ एक वाक्य वारंवार उच्चारले जाते: महाविद्यालयाचे काम शिकविण्याचे, जेवू घालण्याचे नव्हे.

हे वाक्य ऐकायला इतके सरळ आहे की, आपल्या विचाराची माणसेही त्याला मान डोलावतात. माझे म्हणणे असे की, ग्रामीण महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणाचा इतिहास पाहिला तर हे वाक्य मुळातच खोटे आहे आणि आजच्या अर्थव्यवहाराकडे पाहिले तर ते धोक्याचे आहे.

आपण शिक्षणाच्या खर्चाविषयी बोलतो तेव्हा बहुधा फीविषयी बोलतो. आपले मोर्चेही फीवाढीविरुद्ध निघतात. २०२४ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे, त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या मुलीचे गाव महाविद्यालयापासून चाळीस किलोमीटरवर आहे, जिच्या गावाला दिवसातून दोनदा एसटी येते आणि त्यातली सायंकाळची केव्हा येईल याचा भरवसा नाही, त्या मुलीच्या बापापुढचा प्रश्न फीचा नसतोच. ती राहणार कोठे आणि खाणार काय, हा असतो. कला शाखेच्या अनुदानित वर्गाची वर्षाची फी आणि त्याच वर्षाचा राहण्या-जेवणाचा खर्च या दोन रकमा शेजारी शेजारी मांडून पाहा. फीची रकम त्या दुसऱ्या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने शिक्षणाची खरी किंमत म्हणजे निवास आणि अन्न यांची किंमत. फी ही त्या किमतीवरची एक लहानशी पट्टी. पट्टी माफ करून मूळ किंमत बाजाराच्या हवाली करणे, याला मी मोफत शिक्षण म्हणायला तयार नाही.

ही गोष्ट आपल्या पूर्वसूरींना आपल्यापेक्षा अधिक स्वच्छ दिसली होती. एकोणिसाव्या शतकात पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण मुलगा शिकला तो माधुकरी मागून किंवा वार लावून जेवून. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्यातले अपमान आणि उपासमार यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खरेही आहे. परंतु त्यातला दुसरा अर्थ क्वचितच बोलला जातो. ज्या जातीच्या मुलाला दुसऱ्याच्या घरात पान मांडले जात होते, त्या जातीचा गरीब मुलगा शिकू शकला. कुणब्याच्या, महाराच्या, मुसलमानाच्या मुलाला त्या शहरात कोणी वार देणार नव्हते. शाळेचे दार कागदोपत्री सर्वांना उघडे झाले, तरी ताटाचे दार बंद होते आणि म्हणून शाळेचेही बंदच राहिले.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात हा तिढा ओळखला. आधी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. तेथे ब्राह्मणेतर विद्यार्थी टिकले नाहीत. मग १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि जैन, लिंगायत अशी एकामागून एक अनेक. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर त्या काळी टीका झाली, आजही काही विद्वान करतात. टीका करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, समान पंगतीचा प्रयोग फसल्यावर उपाशी राहणाऱ्यासाठी निराळी पंगत मांडणे, याखेरीज त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता.

पण गोष्ट येथे थांबत नाही. याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्याचे त्याने नाकारले, म्हणून त्याला बोर्डिंगबाहेर काढण्यात आले. हा विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. वसतिगृहातून काढले जाणे म्हणजे काय आणि भटारखान्याच्या उंबरठ्यावर जात कशी उभी असते, हे त्यांनी पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली सातारा येथे त्यांनी वसतिगृह काढले आणि त्यात सर्व जातींच्या मुलांना एका चुलीवरचे, एका पंगतीत जेवू घातले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटाला घालायला धान्य नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. गावोगाव फिरून मूठमूठ धान्य गोळा केले गेले. मुले स्वतः राबली, जळण आणले, शेती केली, भाकऱ्या भाजल्या.

येथे क्रम पाहा. आधी वसतिगृह, मग शाळा, मग महाविद्यालय. १९४७ च्या जूनमध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेही मोफत आणि निवासी, ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तरीही संस्था मोडली नाही, कारण तिची मुळे सचिवालयात नव्हती. भाऊरावांनी आधी चूल पेटवली आणि तिच्याभोवती वर्ग भरवले. महाविद्यालयाचे काम जेवू घालण्याचे नव्हे, असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी काय उत्तर दिले असते याची कल्पना त्यांच्या स्वभावाची माहिती असलेले आपल्यातले वडीलधारे करू शकतील. ते उत्तर येथे उच्चारण्यासारखे नाही.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. शासनाने २०१६-१७ पासून शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणली. अनुसूचित जमातींसाठी स्वयंम योजना आली, नंतर इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आली, शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाने निर्वाह भत्ता आला. निरनिराळी खाती, निरनिराळे अर्ज, निरनिराळ्या तारखा. ज्याला वसतिगृहच मिळाले नाही त्याच्या हातात काही रकम पडणे हे काहीच न पडण्यापेक्षा नक्कीच चांगले. या योजनांमुळे शिकलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, त्यामुळे सरसकट निंदा मी करणार नाही.

परंतु वसतिगृह नाही म्हणून रकम देणे ही एक गोष्ट, आणि रकम दिली म्हणून वसतिगृहाची चूल विझवणे ही अगदी वेगळी गोष्ट. २०१८ साली आदिवासी विकास विभागाने शासकीय वसतिगृहांतील भोजन बंद करून रकम विद्यार्थ्यांच्या खात्यात भरण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा जुलै महिन्यात पावसात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, हे आपल्याला आठवत असेल. पैसे नकोत, जेवण द्या, अशी मागणी घेऊन विद्यार्थी रस्त्यावर उतरतात ही घटना अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात बसत नाही. पाठ्यपुस्तक सांगते की, वस्तूपेक्षा रोख रकम दिली तर घेणाऱ्याचे समाधान वाढते, कारण तो आपल्या आवडीप्रमाणे खर्च करू शकतो. ती मुले पाठ्यपुस्तकापेक्षा शहाणी होती.

का, ते हिशेबानेच पाहू. स्वाधार योजनेची रचना झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि किरकोळ निर्वाहासाठी ८,०००. लहान जिल्ह्याच्या ठिकाणी एकूण ४३,०००; त्यांत भोजन २५,०००, निवास १२,०००, निर्वाह ६,०००. आता भागाकार करा. ३२,००० ला ३६५ ने भागले तर दिवसाला सुमारे ८८ रुपये. २५,००० ला भागले तर सुमारे ६८ रुपये. यात सकाळचा चहा, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण. सुट्ट्यांचे दोन महिने वगळून दहा महिन्यांचा हिशेब धरला तरी दुसरी रकम ८३ रुपयांच्या पलीकडे जात नाही. निवासाचे १२,००० म्हणजे महिन्याला १,००० रुपये. तुमच्यापैकी ज्यांच्या गावात खोल्या भाड्याने जातात, त्यांनी मला सांगावे की हजार रुपयांत कोणती खोली मिळते आणि त्या खोलीत किती मुले निजतात.

तरी रकम अपुरी आहे, ती वाढवा, एवढेच म्हणून थांबलो तर आपण अर्धाच प्रश्न पाहिला असे होईल. रकम दुप्पट केली तरी एक गोष्ट शिल्लक राहते. एकटा विद्यार्थी बाजारात जातो तेव्हा तो सर्वांत दुबळा गिऱ्हाईक असतो. तो महिन्याच्या बोलीवर खासगी खानावळ लावतो. त्या खानावळीच्या दरात गाळ्याचे भाडे आहे, मालकाचा नफा आहे, व्यावसायिक दराचा गॅस आहे. सव्वाशे विद्यार्थ्यांची खानावळ मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू निघतो तेव्हा बाजार समितीच्या आवारात जाऊन वर्षाची ज्वारी भरू शकते, तूरडाळ पोत्याने घेऊ शकते, भाजी शेतावरून आणू शकते. तिला भाडे नाही, नफा नाही. तेच ताट तिला किती स्वस्त पडते हे मी नऊ वर्षे रेक्टर असताना महिन्यामागून महिना कोठीच्या वहीत पाहिले आहे. शिवाय शासनाची रकम हप्त्याने येते आणि हप्ता वेळेवर येत नाही. खासगी खानावळवाला मात्र पहिल्या तारखेला आगाऊ पैसे मागतो. मधले दोन-तीन महिने मुलाने काय करावे? मी पाहिले आहे ते असे की, तो एक वेळचे जेवण सोडतो आणि त्याविषयी कोणाशी बोलत नाही. महाविद्यालयाची खानावळ उधारी सोसू शकते. तिला सोसायला लावता येते, असे म्हणू या.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मी टाळणार नाही. वसतिगृहाच्या खानावळी आदर्श होत्या असे कोण म्हणेल? पाण्यासारखी आमटी, कच्ची चपाती, ठेकेदाराशी संगनमत करणारा गृहपाल, तक्रार केली की प्रवेश रद्द करण्याची धमकी, हे सर्व आहे. आदिवासी वसतिगृहांतील निकृष्ट अन्नाविरुद्ध विद्यार्थ्यांनी कित्येकदा आंदोलने केली आहेत. रोख रकमेचे समर्थक नेमके याच दोषांवर बोट ठेवतात. रोग त्यांनी बरोबर ओळखला आहे. पण ठेकेदार चोर आहे म्हणून खानावळच नाहीशी करणे हा उपाय नव्हे. ठेका नाहीसा करणे हा उपाय. आणि त्यासाठी मुलांच्या हाती हिशेब दिला पाहिजे.

आमच्या महाविद्यालयात खानावळ विद्यार्थ्यांच्या समितीकडे होती. दर महिन्याला नवा मेस-सेक्रेटरी निवडला जाई. त्याने बाजारातून माल आणायचा, कोठीची किल्ली सांभाळायची, खाडे लिहायचे, पाहुण्यांची ताटे मोजायची आणि रात्री फळ्यावर दिवसाचा खर्च लिहायचा. महिनाअखेर एकूण खर्चाला ताटांच्या संख्येने भागायचे. येईल तो दर. वाद होत, खूप होत. गोड पदार्थ महिन्यातून किती वेळा, बटाट्याची भाजी आठवड्यातून किती वेळा, गावी गेलेल्याचा खाडा दोन दिवसांनंतर धरायचा की तीन दिवसांनंतर, यांवर मध्यरात्रीपर्यंत सभा चालत. एकदा एका सेक्रेटरीच्या हिशेबात तूट आली. मुलांनी आरडाओरडा न करता तीन जणांची समिती नेमली, पावत्या तपासल्या आणि चूक तेलाच्या डब्याच्या वजनात आहे हे शोधून काढले. मी वर्गात सरासरी खर्च आणि सीमान्त खर्च शिकवीत असे. त्यांतला फरक कळलेले विद्यार्थी बहुधा मेस-सेक्रेटरी राहिलेले असत. पुढे त्यांतले काही सहकारी सोसायट्यांचे सचिव झाले, दोघे-तिघे सरपंच झाले. सगळेच प्रामाणिक राहिले असा दावा मी करीत नाही. पण हिशेब फळ्यावर लिहावा लागतो, ही सवय ज्याला विसाव्या वर्षी लागते त्याला ती पुढे मोडायला कष्ट पडतात.

यात जातीचाही भाग आहे. खासगी खानावळीत मुले आपापल्या ओळखीने, म्हणजे बहुधा आपापल्या जातीने जातात. खोली भाड्याने घेताना घरमालक आडनाव विचारतो. मुसलमान आणि दलित विद्यार्थ्याला नकार कोणत्या गोड शब्दांत मिळतो हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. महाविद्यालयाच्या वसतिगृहात खोल्या यादीप्रमाणे दिल्या जातात आणि ताट समोर येईल त्या जागी बसून खावे लागते. भाऊरावांनी १९२४ साली जे साधले ते आपण खात्यावर रकम जमा करून शंभर वर्षांनी हळूच मोडीत काढतो आहोत. वंचित समूहांसाठी स्वतंत्र तरतूद हवी, स्वतंत्र निधी हवा, यात मला शंका नाही. पण निधी स्वतंत्र आला तरी पंगत एकच असली पाहिजे.

एका गोष्टीचा हिशेब मात्र कोणत्याच वहीत नसतो. पश्चिम महाराष्ट्रात एसटीने येणाऱ्या डब्याची जुनी प्रथा आहे. आई पहाटे उठून भाकरी-भाजी करते, डबा कापडात बांधून पहिल्या गाडीच्या वाहकाकडे दिला जातो, आणि मुलगा तालुक्याच्या स्थानकावर उभा राहून तो उतरवून घेतो. या प्रथेविषयी आपण मोठ्या गहिवराने बोलतो. मला त्यात गहिवरापेक्षा श्रम अधिक दिसतात. जे काम संस्थेच्या एका चुलीने करावे, ते शेकडो गावांतल्या शेकडो बायका पहाटे चार वाजता विनामोबदला करीत होत्या, आणि नंतर शेतावर मजुरीलाही जात होत्या. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटी कामगारांच्या दीर्घ संपात गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा डबाही थांबला आणि मुलांचे येणेजाणेही. संप करणाऱ्या कामगारांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या वेतनाचा प्रश्न खराच होता. सार्वजनिक व्यवस्था एकमेकींना कशा धरून असतात, एवढेच मला दाखवायचे आहे. खानावळ बंद झाली की हा डबा पुन्हा त्या बायकांच्याच डोक्यावर येणार.

मुलींविषयी थोडे निराळे बोलले पाहिजे. अनेक महाविद्यालयांत मुलींच्या वसतिगृहाचे फाटक सायंकाळी सातला बंद होते आणि ग्रंथालय रात्री नऊपर्यंत उघडे असते. म्हणजे रात्रीचे ग्रंथालय मुलग्यांचे. ती मुलगी फी भरते, ग्रंथालयाची अनामत भरते, आणि त्या वेळी खोलीत कोंडलेली असते. २०१५ साली दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ या नावाने या वेळांविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा आपल्याकडच्या काही पुरोगामी प्राध्यापकांनाही तो आगाऊपणा वाटला होता. पालक आग्रह धरतात, असे संस्थाचालक सांगतात. काही पालक धरतात हे खरे. पण वसतिगृहापासून ग्रंथालयापर्यंत दिवे लावणे, रात्रपाळीला एक महिला कर्मचारी नेमणे आणि मग पालकांशी बोलणे, हे किती संस्थांनी करून पाहिले? कुलूप स्वस्त असते, म्हणून कुलूप लावतात. आणि वसतिगृहच गेले तर या मुलींपैकी पुष्कळ जणी गावी परत जातील, आणि परत गेलेल्या मुलीचे पुढे काय होते ते लग्नसराईत दिसते.

‘कमवा आणि शिका’ या योजनेविषयी मला विचारले जाते. मूळ कल्पना श्रमप्रतिष्ठेची होती. आज बहुतेक ठिकाणी तिचे रूप असे की, गरीब विद्यार्थी बागेला पाणी घालतात, कार्यालयात कागद लावतात आणि बाकीचे विद्यार्थी त्यांच्याकडे पाहत जातात. श्रमाची प्रतिष्ठा वाढण्याऐवजी गरिबीची खूण मात्र पक्की होते. शिवाय रिक्त पदे न भरता तेच काम विद्यार्थ्यांकडून अल्प मोबदल्यात करून घेण्याचा मोह संस्थांना होतो. या संदर्भात दूरच्या एका लहान महाविद्यालयाचे उदाहरण उपयोगी आहे. अमेरिकेच्या केंटकी राज्यात १८५५ साली गुलामगिरीविरोधी मंडळींनी स्थापन केलेले बेरिया कॉलेज आहे. गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र शिकविणारी ही संस्था. राज्याने १९०४ साली कायदा करून असे एकत्र शिक्षण बंद पाडले आणि १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. तेथे १८९२ पासून शिक्षणशुल्क घेतले जात नाही. मुख्य म्हणजे तेथे प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्याला किमान १० तास काम करायचे असते. प्रत्येकाने, अपवाद नाही. आपल्या योजनेत हरवले आहे ते नेमके हेच. काम सर्वांना असेल तर ते शिक्षण होते, फक्त गरिबाला असेल तर ती चाकरी. बेरियापाशी मोठा राखीव निधी आहे, आपल्यापाशी नाही, हा फरक मी विसरत नाही. पण सर्वांनी आळीपाळीने ताटे घासण्यासाठी निधी लागत नाही.

ताटे घासण्यावरून आठवले. खानावळ वाचवा म्हणताना ती चालविणाऱ्या माणसांना आपण बहुधा विसरतो. महाविद्यालयात प्राध्यापकाला वेतनश्रेणी आहे, लिपिकाला आहे, शिपायालाही आहे. स्वयंपाकीणबाईला नाही. समाजकल्याण खात्याच्या अनुदानित वसतिगृहांतील अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस, पहारेकरी हे मानधनावर काम करतात आणि वेतनश्रेणीसाठी वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत. खासगी महाविद्यालयांत तर बहुतेक कंत्राटी. दीडशे भाकऱ्या रोज दोन वेळा थापणाऱ्या बाईला भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. विद्यार्थ्यांचे ताट स्वस्त ठेवायचे ते या बाईच्या मजुरीतून नव्हे, हे आपल्या मागणीत पहिल्यापासून स्पष्ट असले पाहिजे. नाहीतर उद्या व्यवस्थापन विद्यार्थ्यांना या बाईविरुद्ध आणि या बाईला विद्यार्थ्यांविरुद्ध उभे करील.

निवासाकडे धंदा म्हणून पाहण्याची दृष्टी किती पसरली आहे याचे एक गमतीचे उदाहरण देतो. २०२४ च्या जूनमध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने शिक्षणसंस्थांच्या आवाराबाहेरील वसतिगृहांना करातून सूट देण्याची शिफारस केली; अट अशी की भाडे दरमहा दरडोई २०,००० रुपयांपर्यंत असावे आणि वास्तव्य सलग किमान ९० दिवसांचे असावे. सूट मिळाली हे बरेच झाले. पण त्यासाठी विद्यार्थ्याची खाट आणि हॉटेलातली खाट यांतला फरक वाद घालून सिद्ध करावा लागला.

आता करायचे काय? मोर्चा नंतर काढू. आधी आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात जा आणि माहिती मागा: प्रवेश किती, त्यांत पंचवीस किलोमीटरपलीकडून येणारे किती, वसतिगृहातल्या खाटा किती आणि त्यांपैकी रिकाम्या किती. रिकाम्या असतील तर का, हे प्राचार्यांना विचारू नका, मुलांना विचारा. खानावळ चालू असेल तर गेल्या महिन्याचा ताटाचा दर आणि स्वयंपाक्याची मजुरी लिहून घ्या. बंद झाली असेल तर मुले कोठे जेवतात ते संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाऊन पाहा आणि तेथेच जेवा. शासनाच्या भोजनाच्या रकमेचे या वर्षीचे हप्ते कोणत्या तारखेला जमा झाले, हे प्रत्येक ठिकाणी निदान दहा विद्यार्थ्यांच्या पासबुकावरून टिपून घ्या. ऐकीव तारखा नकोत. मुलींच्या फाटकाची वेळ आणि ग्रंथालयाची वेळ या दोन्ही एकाच ओळीत लिहा.

मागणी काय असावी यावर आपल्यात मतभेद होतील. माझे मत असे की, ज्या महाविद्यालयात शासनाच्या रकमा घेणारे विद्यार्थी पुरेशा संख्येने आहेत, तेथे त्यांच्या संमतीने भोजनाची रकम विद्यार्थ्यांच्याच निवडलेल्या समितीकडे एकत्र यावी, संस्थेने जागा, भांडी आणि गॅस द्यावा, आणि स्वयंपाक्यांचे वेतन शासनाने वेतन अनुदानात धरावे. यासाठी कायदा बदलावा लागणार नाही, शासननिर्णय पुरेल. सुरुवातीला सांगितलेल्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तेथील विद्यार्थ्यांनी सह्यांचे निवेदन तयार केले असून त्याला हिशेबाची जोड हवी आहे. तोवर तुम्ही जमा केलेले आकडे माझ्याकडे पाठवा, तक्ता मी करून देतो.